संत्रा-मोसंबीवरची खवले कीड: खवल्याखाली काय चालतं

मोसंबीच्या सालीवर, संत्र्याच्या पानावर किंवा लिंबाच्या काडीवर मोहरीएवढे तांबूस, चपटे, गोल ठिपके दिसले की बहुतेकांना तो बुरशीचा डाग वाटतो. नखाने खरवडून पाहिलं तर ठिपका टपकन सुटून येतो आणि त्याखाली पिवळसर-तांबूस, रसाने भरलेलं इवलंसं अंग दिसतं. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत, डोळेही नाहीत. ही लाल खवले किडीची मादी. वरचा पातळ खवला तिच्या अंगाला फुटलेला नाही, तो तिने स्वतः बांधलेला आहे. त्या खवल्याखालीच ती खाते, वाढते, पिलांना जन्म देते आणि तिथेच मरते.

न हलणारी, न उडणारी कीड मारणं सगळ्यात सोपं असायला हवं. प्रत्यक्षात लिंबूवर्गीय फळबागांच्या इतिहासात या किडीइतका त्रास फार थोड्या किडींनी दिला आहे. त्याचं कारण तिच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. ती पद्धत समजून न घेता औषध मारलं की बऱ्याचदा कीड खवल्याखाली सुखरूप राहते आणि तिला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. म्हणून आधी तिचं आयुष्य पाहू, औषधाकडे नंतर वळू.

नात्याने ही कीड मावा, पांढरी माशी आणि तुडतुड्यांच्या कुळातली आहे. या सगळ्यांना झाडाचा रस शोषायला सुईसारखी सोंड असते. खवले किडींचे प्रकार हजारो आहेत, पण बागेत उभं राहून ओळखायचं तर दोन गट पुरतात. पहिला कठीण खवल्यांचा. लाल खवले कीड याच गटातली. दुसरा मऊ खवल्यांचा. यात हिरवी आणि तपकिरी खवले कीड येते, आणि यांचं पाठीवरचं आवरण अंगाचाच भाग असतं, सोडवून वेगळं काढता येत नाही. कापसासारखा पांढरा पुंजका दिसणारे पिठ्या ढेकूण याच नातेवाइकांपैकी.

दोन गटांतला फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे चिकटा. मऊ खवले आणि पिठ्या ढेकूण झाडाच्या अन्नवाहिनीत सोंड घालतात. तिथला रस साखरेने गच्च, पण त्यात नत्र अगदी कमी. अंगाला लागणारं नत्र मिळवायचं तर रस भरपूर ओढावा लागतो, आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर टाकावी लागते. तोच हा चिकटा. खालची पानं त्याने चकाकतात, हाताला चिकटतात आणि मग त्यावर काळी बुरशी चढते. विदर्भात संत्र्याचे बागायतदार तिला कोळशी म्हणतात. आपल्याकडे कोळशी दिसली की पहिला संशय काळ्या माशीवर जातो आणि तो बहुधा बरोबर असतो, पण मऊ खवले आणि पिठ्या ढेकूणही तीच कोळशी आणतात. पान उलटून पाहिल्याशिवाय निदान करू नये.

लाल खवले किडीच्या झाडावर चिकटा अजिबात नसतो. ती अन्नवाहिनीपर्यंत जातच नाही. पानाच्या, सालीच्या, फळाच्या साध्या पेशी एकेक करून फोडते आणि त्यातला ऐवज पिते. तिची सोंड धाग्याइतकी बारीक आणि अंगाच्या मानाने कितीतरी लांब असते, त्यामुळे एका जागी बसून आजूबाजूच्या पेशींपर्यंत ती पोचते. लाळ झाडाला विषारी ठरते, म्हणून ठिपक्याभोवती पिवळं वलय उमटतं. प्रादुर्भाव वाढला की पानं गळतात, काड्या टोकाकडून वाळत येतात. या गटातल्या किडींच्या पोटाची रचनाही विलक्षण आहे. जठर आणि मागचं आतडं एकमेकांना जोडलेलंच नसतं. टाकाऊ द्रव शरीरातल्या नळ्यांमधून गाळून मागे येतो, आणि तोही फुकट जात नाही, खवला सांधायला वापरला जातो.

आता जन्मापासून. लाल खवल्याची मादी अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते. रोज दोन-तीन, असं सहा-आठ आठवडे. एकूण पिलं शंभर ते दीडशे. पिलू जेमतेम सुईच्या टोकाएवढं, पिवळं. त्याला सहा पाय, दोन मिशा आणि डोळे असतात, आणि चालायची सगळी उमेद याच वयात असते. आईच्या खवल्याच्या कडेखालून बाहेर पडून ते काही तास, फार तर एक-दोन दिवस रांगत फिरतं. उजेडाकडे ओढ असल्यामुळे कोवळ्या शेंड्यांकडे आणि बाहेरच्या फळांकडे सरकतं. पान आणि देठ यांच्या बेचक्यात, सालीच्या बारीक खळगीत जागा मिळाली की सोंड खुपसतं आणि बसतं ते कायमचं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ही कीड पोचते तीही याच वयात: वाऱ्याने, पक्ष्यांच्या पायांना चिकटून, तोडणी करणाऱ्यांच्या कपड्यांवरून. लांबचा प्रवास मात्र रोपवाटिकेतल्या कलमांवरून होतो.

बसल्यावर थोड्याच वेळात अंगातून मेणाचे पांढरे तंतू येऊ लागतात आणि त्याची टोपी तयार होते. या अवस्थेतला ठिपका बारीक आणि पांढराशुभ्र दिसतो. मग पहिली कात टाकली जाते आणि त्या कातीबरोबर पायही जातात. पुन्हा कधी चालायचं नाही, तर पाय कशाला! टाकलेली कात फेकून न देता ती खवल्यातच बसवली जाते. सोंड एका जागी रोवलेली, आणि अंगाचं मागचं टोक मेण सोडत गोल फिरतंय, असं काम चालतं. कंपासपेटीतला कर्कटक टोक रोवून फिरवावा तसं. म्हणून खवला इतका रेखीव गोल असतो. भिंगाखाली पाहिलं तर मध्यभागी पहिल्या कातीचा उंचवटा आणि त्याभोवती नंतरच्या वाढीच्या कड्या स्पष्ट दिसतात.

मादी दोन वेळा कात टाकून मोठी होते. नराची गोष्ट निराळी. त्याचा खवला दुसऱ्या अवस्थेत लांबट होतो, आत कोषासारखी अवस्था जाते आणि शेवटी त्यातून पंखांची एक जोडी असलेला नाजूक, पिवळसर कीटक बाहेर पडतो. त्याला तोंडच नसतं. खायचं नाही, फक्त मादी शोधायची, तीही काही तासांत. संध्याकाळच्या सुमाराला हे नर उडतात. खवल्याखाली बसलेली मादी हवेत एक गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागावर ते येतात. हा गंध रसायनशाळेत तयार करता येतो, आणि तो लावलेले चिकट सापळे टांगून बागेत नर कधी उडतायत याचा अंदाज घेता येतो. मीलन झालं की मादी गंध सोडायचं थांबवते, तिचं अंग कडक होतं आणि खवल्याला घट्ट चिकटतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

या किडींची वंशरीतही चक्रावून टाकणारी आहे. लाल खवल्याच्या गटातल्या अनेक जातींत नर गर्भात बापाकडून आलेली गुणसूत्रं वाढीच्या सुरुवातीलाच काढून टाकली जातात. म्हणजे मुलगा बापाचा असतो, पण बापाचं काहीच पुढे देत नाही. हिरव्या खवल्यात तर माद्या नराशिवायच प्रजा वाढवतात. त्यामुळे एक पिलू नव्या झाडावर पोचलं तरी वसाहत उभी राहायला तेवढं पुरतं.

सगळे खवले आपले शत्रू नाहीत हेही सांगायला हवं. गोंदिया भागात पळसावर, बोरावर, कुसुमावर जी लाख घेतली जाते, ती लाखेची कीड म्हणजे खवले किडींचीच सख्खी नातलग. जे स्वसंरक्षणाचं आवरण संत्र्यावर आपल्याला छळतं, त्याच प्रकारचं आवरण तिथे खरवडून विकलं जातं.

आता मुंग्यांकडे वळू. चिकटा गोड असल्यामुळे मुंग्या मऊ खवल्यांच्या वसाहतीवर पहारा देतात आणि किडीला खायला आलेल्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड भुंगेऱ्यांना), गांधिलमाशीच्या वर्गातल्या चिमुकल्या परजीवी माश्यांना हुसकावतात. त्याचा फायदा शेजारी बसलेल्या लाल खवल्यालाही फुकटात मिळतो, जरी तिच्याकडे द्यायला चिकटा नसला तरी. खोडावरून मुंग्यांची अखंड रांग वर चढत असेल तर त्या झाडावर फक्त किडीची मोजदाद करू नका, मुंग्यांचाही बंदोबस्त करा. खाली टेकलेल्या फांद्या छाटायच्या, झाडाला टेकणारं गवत काढायचं आणि खोडाला चिकट पट्टा बांधायचा. पट्टा थेट सालीवर न लावता खाली कागद किंवा कापड गुंडाळून त्यावर चिकट लावावं, म्हणजे सालीला इजा होत नाही. एवढं केल्यावर काही झाडांवर फवारणीची गरजच उरत नाही, कारण अडवून ठेवलेले मित्रकीटक आपलं काम सुरू करतात.

मित्रकीटकांची ताकद किती, हे जगाला दाखवलं ते कॅलिफोर्नियातल्या एका प्रसंगाने. ऑस्ट्रेलियातून झाडांबरोबर आलेली कापशी खवले कीड तिथे 1868 च्या सुमाराला पहिल्यांदा दिसली. हिच्या मादीच्या मागे अंड्यांची पांढरी, नालीदार पिशवी असते आणि एका पिशवीत शेकडो अंडी. त्यातही ही कीड बहुतांशी उभयलिंगी, म्हणजे एकाच शरीरात अंडी आणि शुक्रपेशी दोन्ही. कीटकांत असं फार विरळा आढळतं. 1880 च्या दशकाच्या मध्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा पांढऱ्या पडल्या. लोकांनी झाडांवर तंबू टाकून सायनाइडचा विषारी वायू सोडला, बागा उपटल्या, जाळल्या.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांचं म्हणणं असं की, कीड जिथून आली तिथे ती इतका त्रास देत नाही, म्हणजे तिथे तिला आवरणारं कोणीतरी असणार. 1888 मध्ये त्यांनी आपल्याच खात्यातल्या आल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. परदेशवारीसाठी खात्याला पैसा खर्चायला बंदी होती, म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या शिष्टमंडळात त्यांची वर्णी लावावी लागली. ॲडलेडमध्ये कोबेले यांना एक लाल-काळा ढालकिडा सापडला, रोडोलिया. पहिल्या तीन खेपांत मिळून 129 भुंगेरे लॉस एंजेलिसला पोचले आणि एका बागेत तंबू घातलेल्या झाडावर सोडले गेले. 1889 च्या वसंतात तंबूची एक बाजू उघडली. जूनपर्यंत तिथून दहा हजारांवर भुंगेरे इतर बागांत वाटले गेले होते, आणि वर्षभरात कापशी कीड आटोक्यात आली. पुढे हाच ढालकिडा अनेक देशांत गेला. भारतात 1920 च्या दशकात निलगिरीत वॅटलच्या झाडांवर कापशी कीड पसरली, तेव्हा इथेही त्यालाच आणलं गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यात संत्र्यावर डीडीटीची फवारणी सुरू झाली. ढालकिडे मेले, आणि पन्नासेक वर्षं दबून असलेली कापशी कीड 1946-47 मध्ये पुन्हा उसळली. डीडीटी थांबवून ढालकिडे परत आणल्यावर ती खाली बसली. 1990 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा तेच. लाल खवल्यावर जुन्या औषधांचा असर होईनासा झाला, म्हणून कीटकांची वाढ रोखणारं नवं औषध आलं. लाल खवल्यावर ते चांगलं चाललं, पण रोडोलियाच्या अंड्या-अळ्यांनाही बाधलं आणि कापशी कीड परत वर आली. माझ्या मते फवारणीचा पंप हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास माहीत असायला हवा. एका किडीवरचं औषध दुसऱ्या किडीला मोकळं रान देऊ शकतं.

लाल खवल्याच्या बाबतीत तर या कथेचा एक धागा थेट आपल्या उपखंडात येतो. कॅलिफोर्नियात तिच्यावर ॲफायटिस नावाच्या परजीवी माशीच्या दोन जाती आधीपासून होत्या, पण आतल्या उष्ण भागात त्या कमी पडत होत्या. 1956-57 मध्ये कीटकशास्त्रज्ञ पॉल डीबॅक यांनी भारत आणि पाकिस्तानातून तिसरी जात नेली, ॲफायटिस मेलिनस. काही वर्षांतच तिने बहुतेक ठिकाणी आधीच्या जातींना हटवून जागा घेतली. आज तिथल्या कीटकशाळांत हीच माशी भोपळ्यांवर वाढवलेल्या दुसऱ्या एका खवले किडीवर लाखांनी तयार करतात आणि बागांत सोडतात.

ही माशी कसं काम करते ते जवळून पाहण्यासारखं आहे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, रंग पिवळा. ती खवल्यावर चढते, मिशांनी त्यावर टकटक करत इकडून तिकडे फिरते, जणू मोजमाप घेते. आत पुरेसं मोठं अंग असेल तर मादी होणारं अंडं घालते, लहान असेल तर नर होणारं. मेलिनस इतरांपेक्षा लहान खवल्यावरही मादीचं अंडं घालते, म्हणून तिची प्रजा पुढे निघून गेली. अंडं घालायची नळी खवल्यातून आत घुसवून किडीच्या अंगावर अंडं ठेवलं जातं, अळी बाहेर येऊन कीड शोषून टाकते. काही खवल्यांत अंडं न घालता माशी नुसतीच नळी खुपसून बाहेर पाझरणारा रस पिते, त्यातही कीड मरते. खवल्याची एक पिढी पूर्ण होईपर्यंत माशीच्या दोन-तीन पिढ्या होऊन जातात.

मात्र तिलाही मर्यादा आहे. अंग आणि खवला यांच्यात पोकळी असेल तेव्हाच तिला अंडं घालता येतं. कात टाकताना आणि मीलनानंतर अंग खवल्याला घट्ट चिकटलेलं असतं, तेव्हा मादी सुरक्षित. म्हणजे माशीला योग्य वयाचे खवले सतत मिळत राहावे लागतात. एकाच वेळी सगळं साफ करू पाहणारी फवारणी हा क्रमही मोडते.

धूळ हा असाच एक दुर्लक्षित मुद्दा. कच्च्या रस्त्याच्या कडेच्या झाडांवर खवले जास्त दिसतात. पानांवर धुळीचा थर असला की या बारीक माश्यांना चालता येत नाही, अंग साफ करण्यातच त्यांचा वेळ जातो, अनेक मरतात. कीड मात्र खवल्याखाली निर्धास्त असते. रस्त्याला पाणी मारणं किंवा कडेच्या दोन ओळी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुणं हा खवले किडीवरचाच उपाय आहे.

आपल्याकडे काढणीनंतर सल काढायची पद्धत आहे, ती या किडीसाठीही नेमकी आहे. वाळलेल्या काड्या निघाल्या की झाडाच्या आत हवा-उजेड जातो आणि फवारणी केलीच तर ती आतपर्यंत पोचते. काढलेली सल बांधावर साठवू नका. त्यावरच्या जिवंत माद्यांची पिलं काही दिवस बाहेर पडतच राहतात. आणि नवी लागवड करताना रंगपूर किंवा जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं घ्याल, तेव्हा फक्त उंची आणि पानांची तुकतुकी पाहू नका. खोडाचा खालचा भाग आणि पानांची मागची बाजू भिंगाने तपासून मगच कलम गाडीत चढवा. बागेत कीड शिरण्याचा सगळ्यात मोठा दरवाजा तोच आहे.

फवारणी करायचीच ठरली तर वेळ ठरवणारी गोष्ट एकच: रांगती पिलं कधी बाहेर पडतायत. त्यासाठी खवले असलेल्या काडीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पारदर्शक टेप गुंडाळा आणि दर आठवड्याला बदला. टेपवर पिवळे बारीक ठिपके वाढायला लागले म्हणजे पिलं निघाली. त्या दिवसांत आणि नंतर पांढऱ्या टोपीच्या अवस्थेत कीड सगळ्यात उघडी असते. बागायती खनिज तेल याच वेळी उपयोगी पडतं. ते अंगावर पातळ थर करून श्वासाची छिद्रं बुजवतं, त्यामुळे किडीला त्याची सवय लागायचा धोका नगण्य असतो आणि थर सुकला की मित्रकीटकांना त्रास कमी होतो. पण तेल जिथे लागलं तिथेच चालतं, म्हणून पानांच्या दोन्ही बाजू आणि काड्या न्हाऊन निघायला हव्यात. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलं यावीत म्हणून, पाणी तोडून झाड ताणावर ठेवलेलं असताना, पाण्याची ओढ असलेल्या झाडावर किंवा कडक उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात. गंधकाच्या आगेमागे तर अजिबात मारू नये. कोणतं तेल, किती प्रमाणात, हे तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशीवरूनच ठरवा. दमट हवेत मऊ खवल्यांवर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशीही काम करते. कोरड्या हवेत तिची अपेक्षा ठेवू नये.

पंप भरण्याआधी टाचणी घेऊन बसा. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून काड्या आणि फळं आणा आणि भिंगाखाली खवले एकेक करून उलटा. मेलेल्या किडीचा खवलाही झाडाला बरेच दिवस चिकटून राहतो, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांच्या संख्येवरून काही कळत नाही. आत पिवळं, टणक, टाचणी लागताच रस सोडणारं अंग म्हणजे कीड जिवंत. तपकिरी, सुकलेलं, चुरगळणारं म्हणजे मेलेली. रिकाम्या कातडीशेजारी माशीचा बारीक कोष किंवा काळसर विष्ठेचे कण दिसले, किंवा खवल्याला गोल भोक असलं, तर परजीवी माशी तिथे येऊन गेली आहे. असे खवले भरपूर निघाले तर पंप ठेवून द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काड्या तपासा.